झिपरीची हजेरी

एका जंगलात, बाळांनो, खोकल्याची साथ आली आणि सिंहमहाराजांनी विद्यापीठाला कुलूप लावायचा हुकूम काढला. विद्यापीठ भरायचं उघड्यावर, वडाखाली. कुलूप लावायचं कशाला, यावर समिती बसली. शेवटी ते एका पारंबीला लावलं.

मग शिक्षण मोबाईलवर सुरू झालं.

झिपरी नावाची खार वनशास्त्र शिकत होती. तिच्या अख्ख्या खानदानात पहिलीच. तिचा धाकटा भाऊ गुंड्या शाळेतून कधीच पळाला होता. पण रेंज फक्त सागाच्या शेंड्यावर यायची आणि ताईला लिहायला दोन्ही हात लागायचे. म्हणून तो शेजारी मोबाईल धरून बसायचा.

कासवसर शिकवायचे, "आज बी पेरायचं प्रात्यक्षिक. माती उकरल्याची कल्पना करा. आता बी टाकल्याची कल्पना करा."

"ताई, मीपण पदवी मिळाल्याची कल्पना करू का?"

"गप रे! मोबाईल हलतोय."

पुढे झिपरीलाच खोकला लागला. शेंड्यावर चढवेना. ढोलीत पडल्यापडल्या ती म्हणाली, "हजेरी बुडली तर परीक्षेला बसू देणार नाहीत. तू जाऊन 'उपस्थित' म्हण."

"सर आवाज ओळखतील ना!"

"माझा तरी कधी नीट ऐकलाय त्यांनी?"

गुंड्या गेला. बारीक आवाजात म्हणाला, "उपस्थित, सर."

"छान. झिपरी, मुळांचं काम काय?"

गुंड्याला काय माहीत! पण बाकीची पोरं काय म्हणतात ते त्याने रोज ऐकलं होतं.

"सर, माझा आवाज येतोय का?"

"येतोय."

"तुमचा येत नाही, सर."

"शाबास! बाकीचे एवढंही बोलत नाहीत."

ताईला हे कधी सांगतो, असं त्याला झालं. उड्या मारत तो ढोलीत आला.

ताई गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेंड्यावर चढला.

"सर, झिपरी गेली."

"कुठे गेली? हजेरी चाललीय."

"मेली, सर."

"आवाज तुटतोय. चॅटमध्ये लिहा."

गुंड्याला लिहिता येत नव्हतं.

"झिपरी?" सरांनी पुकारलं. "झिपरी?"

ढोलीत आता तिचं नाव कोणी घेत नव्हतं. घेतलं की आई रडायची. इथे मात्र सर रोजच्यासारखे तिला हाक मारत होते. गुंड्याला राहवलं नाही.

"उपस्थित," तो म्हणाला.

मग तो रोज जाऊ लागला. वादळात गेला, उन्हात गेला. परीक्षेतही सरांना विचारून आला, आवाज येतोय का म्हणून.

साथ सरली. पदवीदानही मोबाईलवरच झालं. सिंहमहाराज गरजले, "एकही दिवस न चुकवणारी आदर्श विद्यार्थिनी, झिपरी!"

"उपस्थित," गुंड्या म्हणाला. टाळ्या झाल्या.

"महाराज, उद्या हजेरी कधी?"

"आता कसली हजेरी? झिपरीचं शिक्षण संपलं," महाराज म्हणाले आणि मोबाईल काळा झाला.

तात्पर्य: बाळांनो, जो रोज हजर असतो तो हमखास पास होतो. तो असायलाच हवा, असं मात्र नाही.