वरच्या मजल्याचं गिऱ्हाईक

काजाची मशीन घ्यायचीच, हे टेलरमास्तरांनी ठरवलं ते काजवाल्याच्या दारात ताटकळत उभं असताना. शर्ट शिवायचा आपण आणि त्याला बटणांची दहा काजं पाडायला पिशवी घेऊन जायचं दुसऱ्याच्या दारी. काजवाला आधी चहा संपवणार आणि मग म्हणणार, "मास्तर, उद्या या."

"पुढच्या महिन्यात मशीन आपल्या घरात," मास्तरांनी बायकोला सांगून टाकलं.

"आणि पैसे?"

मास्तरांनी मोबाइल पुढे केला. दुकान त्यांनी खुल्या ऑनलाइन बाजारात मांडलं होतं. एका ॲपवर नाव नोंदवलं की बाकीच्या सगळ्या ॲपवर दिसायचं. आता त्याच बाजारात कर्जही मिळू लागलं होतं. तारण नको, जामीन नको. महिन्यात तीस ऑर्डरी दाखवा आणि कर्ज घ्या. खाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं. पण दोरा ओवण्यापलीकडे चष्मा लावायची मास्तरांना सवय नव्हती.

महिना संपायला आठ दिवस उरले आणि ऑर्डरी बावीसवर अडल्या. मास्तर मात्र अडणाऱ्यांतले नव्हते.

"तूच मागव आठ शर्ट. माझ्याच मापाचे. पैसे तू भरायचे, येणार माझ्याकडे. या खिशातून त्या खिशात!"

"पण आधी रिकामा होणार तो माझा खिसा," बायको म्हणाली. तरी तिनं शर्ट मागवले.

पहिला शर्ट न्यायला मिशाळ डिलिव्हरीवाला आला. पत्ता वाचून त्यानं वर पाहिलं. दुकान खाली, घर वर, मध्ये तेरा पायऱ्या.

"मास्तर, हे तर तुमचंच घर."

"असेल. वर न्या."

"अहो, हाक मारा, वहिनी खाली येऊन घेतील."

"ऑर्डर म्हणजे ऑर्डर!"

तो रोज एक शर्ट वर नेऊ लागला. चौथ्या दिवशी त्यानं वर पाणी मागितलं, सहाव्या दिवशी चहा. इकडे काजवाल्यालाही कुतूहल वाटू लागलं. "सगळे एकाच मापाचे? कोण हो गिऱ्हाईक?"

"आहे एक," मास्तर म्हणाले. "फार चोखंदळ."

तिसावी ऑर्डर पोचली त्याच संध्याकाळी मास्तरांनी कर्जाचा अर्ज भरला. मिनिटभरात उत्तर आलं: क्षमस्व. ग्राहकांनी दिलेले तारे सरासरी चारपेक्षा कमी. मास्तरांनी चष्मा लावला, सगळे तारे तपासले आणि तेरा पायऱ्या सहा ढांगांत चढले.

"अगं, कुणी मेल्यानं मला आठ वेळा दोन-दोनच तारे दिलेत!"

"मीच दिलेत."

"तू?"

"ॲपनं विचारलं, शर्ट कसा वाटला. तुमची कॉलर डावीकडे झुकते. वीस वर्षं सांगतेय, ऐकता कुठे? त्यानं निदान विचारलं तरी."

तेवढ्यात बायकोचा मोबाइल वाजला. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोबाइल मास्तरांपुढे धरला. आठ दिवसांत आठ खरेद्या, प्रत्येक वेळी पैसे वेळेवर. अशा भरवशाच्या ग्राहकाला कुठलंही यंत्र घेण्यासाठी कर्ज मंजूर होतं.

"तुम्हाला मशीन हवीच होती ना?" तिनं विचारलं.

"हवीच आहे!"

"मग घेते मी."

मशीन आली. मिशाळ डिलिव्हरीवाल्यानं खालच्या दुकानाकडे आशेनं पाहिलं, पत्ता वाचला आणि एक सुस्कारा टाकून खोकं खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पाच शर्ट पिशवीत घालून वर गेले. दारात उभे राहिले. बायकोनं आधी चहा संपवला. मग एकेक शर्ट उजेडात धरून पाहिला आणि पाचही परत पिशवीत घातले.

"कॉलरी सरळ करून आणा," ती म्हणाली. "आणि मास्तर, उद्या या."