आप्पांची सुट्टी आणि मालगा बेल्ला

इटालियन नावं वाचावीत ती हरीशनंच, असं स्वतः हरीशचं मत होतं. स्टुटगार्टला गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये डोकं घालता घालता त्यानं संध्याकाळच्या क्लासात इटालियन उरकून घेतलं होतं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात सासरे देवदत्तराव, म्हणजे आप्पा, पहिल्यांदा जर्मनीला आले. सांगलीकडचा माणूस, उभा जन्म गोठ्यात गेला, सुट्टी म्हणून माहीत नाही. मोठ्या मिनतवारीनं गडी मिळाला तेव्हा कुठं घराबाहेर पडले. मागणं एकच होतं, "जावईबापू, कुठंही न्या. फक्त सकाळी उठल्यावर गुरं दिसायला नकोत."

"ते माझ्यावर सोडा आप्पा," म्हणत हरीश इंटरनेटवर बसला. 'कझाले' म्हणजे शेतातलं दगडी घर, 'लोकांदा' म्हणजे खाणावळीवरच्या खोल्या, असं तो बायकोला समजावत होता. शेवटी जर्मनीतल्याच आल्गॉयच्या डोंगरात एका इटालियन बाईनं काढलेलं 'मालगा बेल्ला' त्याला पसंत पडलं. फोटोत नुसती हिरवळ आणि खिडकीत लाल फुलं.

"मालगा म्हणजे रे?" मुक्तानं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"उन्हाळ्यात गुरं चरायला डोंगरावर नेतात ना, तिथलं गवळ्याचं घर."

"अरे, मग गुरं असतील."

"नुसतं नाव गं ते. कोथरूडला तुझी मावशी 'गोकुळ'मध्ये राहते. तिच्या जिन्यात कधी गाय पाहिलीस?"

बुकिंग झालं.

पण मालगा बेल्लाची बाई कोथरूडची नव्हती. पहिल्याच पहाटे ती गमबूट घेऊन दारात हजर. पाहुण्यांना दूध काढायला मिळतं, भाड्यातच धरलंय, लोक त्यासाठीच येतात म्हणे. मागं गोठा भरलेला. हरीशनं लाजेकाजेस्तव बादली घेतली. गाईनं त्याला एकदा नीट पाहून घेतलं आणि लाथ झाडली. बादली एकीकडं, हरीश एकीकडं.

आप्पा हाताची घडी घालून बघत होते. गाय कासावीस झालेली त्यांना बघवेना. मुकाट्यानं पायजमा खोचून ते खाली बसले, आणि सुट्टी संपेपर्यंत दोन्ही वेळा बसत राहिले. निघताना बाईनं त्यांना चीजचा मोठा गोळा दिला आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रणही.

परतीच्या वाटेवर ऑटोबानचा हमरस्ता लागल्यावर आप्पा म्हणाले, "जावईबापू, दिवाळीला तुम्ही आमच्याकडं या. गोठ्यावर पाटी लावतो. दूध तुम्ही काढा, भाडं मी घेतो."

"अहो आप्पा, मला खरंच वाटलं..."

"नाव तेवढं सुचवून ठेवा. तुम्हाला इटालियन येतं."