आप्पांचं जांभळं बनियन

आप्पा भेटले की नमस्कार करत नाहीत. हात वर करायला लावतात आणि सरळ काख हुंगतात. लिंबायतच्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की त्याला हे आधीच समजावून ठेवावं लागतं, नाहीतर मारामारी ठरलेली.

आप्पा माझे शेजारी, मूळचे अमळनेरकडचे. तीस वर्षं इथल्या प्रोसेस हाऊसमध्ये कपडा रंगवणारे मास्तर. निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात, आप्पा जंतूंच्या नादी लागले. कॉलेजातल्या कुणा मॅडमकडून त्यांनी जांभळ्या जंतूंचं विरजण आणलं आणि ते बरण्यांत वाढवू लागले. वाढले की उकळायचे. जंतू मरत, रंग उरे. त्या रंगात बनियन!

"हाऊ रंग म्हंजे जंतूनं चिलखत शे, भाऊ," आप्पा सांगत. "दुसरा जंतू जवळ उना का मरी जास. मंग घामना वास कसा येई?"

गल्लीत सात जणांना बनियनं वाटली गेली. त्यातला एक मी. ते घालून मी हुबेहूब वांगं दिसलो असतो, म्हणून घडीसकट, टाचणीसकट कपाटात टाकलं. पर्वत पाटिया भागातल्या साडीच्या दुकानात काम करून संध्याकाळी मी पांढऱ्या बनियनमध्ये आंबून परतायचो. दारात आप्पा.

"वास?"

"छे! मोगरा, आप्पा, मोगरा!"

मग ते हुंगत. "हां, बराबर." आणि खुशीत निघून जात. घरात बायकोला हा प्रवेश मी रोज साभिनय करून दाखवायचो.

महिन्याने आप्पा आले. "भाऊ, बनियन दे. मिलना शेठले दखाडनं शे, महिनाभर वापरेल शे म्हनीसन."

मी डोळ्यांनी खुणा करतोय, तोवर बायकोने कपाटातून ते हसतमुखाने आणून दिलंसुद्धा.

आप्पांनी घडीवरची टाचणी काढली. पाहिली. होती तिथेच परत लावली.

"मना नाकले वासच येत नही, भाऊ," ते म्हणाले. "रंगखातानी वाफमा नाक कव्हळनं गयं. तुनी काकू व्हती तव्हय तीच हुंगे नि माले सांगे. ती गई. मी म्हन्तं, आते तुम्ही सांगशात."

बनियन माझ्या हातात ठेवून ते गेले. शेठकडे मात्र गेले नाहीत. बाकीच्या सहा टाचण्यांचं मी कुणाला विचारलं नाही, आणि मलाही कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते घातलं. दिवसभर दुकानात गठ्ठे उचलले, घामाने निथळलो. संध्याकाळी आप्पांच्या दारात स्वतःहून हात वर केला.

"आप्पा, शपथ घेऊन सांगतो, खरंच वास नाही."

खरंच नव्हता.

आप्पांनी हुंगलं नाही. "हां, बराबर," म्हणाले, आणि दार हळूच लावून घेतलं.