संशय हा पुरावा नव्हे

आरोप आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्या समाजाला कळतं तोच सुसंस्कृत म्हणवून घेण्यास पात्र ठरतो. आमच्या शहरात अशा समाजाची लोकसंख्या सध्या एक आहे. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात आमच्या फुटबॉल क्लबवर होणारा अन्याय मोजतो.

मोजतो म्हणजे अक्षरशः मोजतो. अंतिम सामन्यात आमच्या सेंटर फॉरवर्डने शेवटच्या मिनिटाला केलेला गोल हाताने केला, असा आरोप झाला. पुढच्या आठ दिवसांत एकाच वाहिनीने तो हात एकशे बारा वेळा दाखवला, पैकी त्र्याऐंशी वेळा संथ गतीने. (संथ गतीने कोणाचाही हात गुन्हेगारच दिसतो. चहाचा कप उचलतानाचा माझा हात मी मोबाइलवर तसा पाहिला. सरळ अटक करावी असा दिसतो.) प्रतिस्पर्धी क्लबच्या बचावपटूचा हात मात्र दोनदा दाखवला, तोही जाहिरातीच्या आधी, उरकून टाकल्यासारखा.

"अहो, पण चेंडू हाताला लागलाच होता की," बायको म्हणाली.

"लागला असेल. मुद्दाम लावला, हे कोणी सिद्ध केलंय?"

"नाही केलं. आता जेवायला बसा."

या विषयावर मी वृत्तपत्राला चौदा पत्रं पाठवली. चौदावं छापून आलं. त्याचा शेवट असा होता: "संशय हा पुरावा नव्हे. माणसाची बाजू ऐकण्याआधीच त्याला चोर ठरवणाऱ्यांनी एकदा आरशात पाहावं." विद्यार्थ्यांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून त्याचं कात्रण मी शाळेच्या सूचनाफलकावर लावलं. (त्याखाली सहलीची सूचना झाकली गेली. सहल चुकलेल्या चार मुलांची बाजू मी ऐकून घेतली.)

पुढच्याच आठवड्यात वार्षिक परीक्षा सुरू झाली. गणिताच्या पेपरला मी पर्यवेक्षक होतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने डावीकडे मान वळवली. मी तत्काळ तिची उत्तरपत्रिका काढून घेतली आणि अहवाल लिहिला: "कॉपी करताना रंगेहाथ पकडले." एकूण वेळ, दोन मिनिटं. आरोप टिकला तर पोरीचं वर्ष जाणार होतं, त्यामुळे अक्षर मुद्दाम सुवाच्य काढलं.

ही गोष्ट मी फक्त खेळाच्या सरांना सांगितली, तीही खाजगीत. मधल्या सुट्टीपर्यंत तिच्याजवळ एक चिठ्ठी सापडली होती. शाळा सुटेपर्यंत पाच. (प्रत्यक्षात एकही सापडली नव्हती, पण एवढे लोक बोलतात म्हटल्यावर काहीतरी असणारच, असं मलाही वाटू लागलं.)

दुसऱ्या दिवशी तिचा लेखी खुलासा आला. दोनच वाक्यं होती. "संशय हा पुरावा नव्हे. माझी बाजू ऐकण्याआधीच मला चोर ठरवणाऱ्यांनी एकदा आरशात पाहावं."

मी फलकावरचं कात्रण काढून आणलं आणि खुलाशाशेजारी मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"बघा बाई, शब्द न् शब्द उचललाय! आता तरी कॉपीची सवय सिद्ध झाली की नाही?"

बाईंनी दोन्ही कागद सावकाश वाचले आणि चष्मा काढला.

"सर, हे पत्र तुम्हीच लिहिलंय ना?"

"अर्थात."

"मग तिच्याआधी तुम्ही ते वाचलं असेल, असं धरून चालते. या तुम्ही."

पुराव्याअभावी मुलगी सुटली. ("वरपर्यंत ओळख असणार," खेळाचे सर म्हणाले.) तिचं वर्ष वाचलं. पण तेव्हापासून वर्गातल्या मुली तिच्याजवळ डबा खायला बसत नाहीत. ती जिन्याच्या पायरीवर एकटी बसून खाते आणि मी जवळून गेलो की डब्याचं झाकण लावते. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

म्हणून काल सगळे गेल्यावर मी तिच्या बाकावर जाऊन बसलो आणि मान डावीकडे वळवली. तिथून दोन गोष्टी दिसतात. शेजारच्या बाकावर मी मुद्दाम ठेवलेली उत्तरपत्रिका आणि तिच्याच रेषेत, वर भिंतीवर, घड्याळ.

वाचकहो, ती घड्याळच बघत होती, असं तुम्ही धरलंत ना? ना चौकशी, ना पुरावा. पोर आवडली, एवढंच. आम्हीही क्लब असाच धरतो. रविवारी सामना आहे, या घरी.