वाढत्या अंगाची ब्रोकोली

शिंपीकाकांनी मागच्या अंगणात ब्रोकोली लावली ती बायकोच्या एका शब्दाखातर. लांबलेल्या तापातून ती उठली खरी, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. डॉक्टरांनी हिरव्या भाज्या, त्यातही ब्रोकोली द्यायला सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "बाजारातली नको. तुम्ही स्वतः पिकवलीत तर खाईन."

झालं, काकांनी कंबर कसली. (याआधी त्यांच्या हातून साधी कोरफडही जगली नव्हती.) रोपं आणली, खत घातलं, पानांवरच्या अळ्या एकेक करून चिमट्याने वेचल्या. बायको खिडकीतून बघायची, कसेबसे दोन घास खायची आणि पडून राहायची. तिचे ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले, तेव्हा मशीनवर बसल्या बसल्या काकांचे डोळे भरून आले.

अखेर एका रोपाने गड्डा धरला. काका रोज सकाळी टेप लावून त्याचा घेर मोजू लागले. कळ्या घट्ट मिटलेल्या आहेत तोवरच कापा, असं मुलगी सांगून सांगून थकली. पण काकांचा सगळा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात गेलेला. आजच्या मापाचं काही बेतायचं, हे त्यांच्या हातात बसलंच नव्हतं.

"वाढतं अंग आहे त्याचं," ते गंभीरपणे म्हणाले. "राहू दे जरा. तुझ्या आईला पोटभर व्हायला हवी."

आणि एके सकाळी टेप घेऊन जातात तर काय, गड्डा फुललेला. सगळीकडे पिवळीधमक फुलं, वर दोन मधमाश्याही. काका टेप गुंडाळत तिथेच बसले. शेवटी तो गड्डा कापून, मान खाली घालून बायकोपुढे उभे राहिले.

तिने फुलं पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग उठून स्वयंपाकघरात गेली, फुलांसकट सगळं परतलं आणि एकटीने बशी रिकामी केली. कित्येक दिवसांत ती एवढी जेवली नव्हती. काकांना रडू आवरेना.

"अगं, माझ्यासाठी एवढं कडू खाल्लंस?"

"खाते नाहीतर काय करते? शब्द देऊन बसले होते," ती तोंड पुसत म्हणाली. "मला ब्रोकोली मुळीच आवडत नाही हो. तुमच्या हातून काही उगवायचं नाही, या भरवशावर बोलले होते मी."