कुरवंड्याच्या अस्थिदेवाचा बुडीत वाटा

नागफणीच्या सुळक्यास साक्ष ठेवून मौजे कुरवंडे येथील वर्तमान लिहितो. पदरचे काही घातले असेल तर चवीपुरतेच. कोणे एके चैत्रमासी लोणावळ्याच्या बंगल्यांस तांबडे दगड भरून गोदावरीच्या मुलखाहून ट्रक आला, आणि वळणावर हिसका बसून एक शिळा कोंडाजीराव व त्यांचे चुलतबंधू मारुतीराव यांच्या तंट्याच्या बांधावर पडली, आणि तीत तंगडीचे हाड उमटलेले पाहून कोंडाजीरावांचे कुटुंब शालूबाईसाहेब यांनी तत्काळ शेंदूर लावला. मग देव झाला. मग दर मंगळवारी पुटे चढू लागली.

ऐशात पुण्याहून अस्थिविद्येच्या खाशा सरदार समीक्षाबाई सहलीस आल्या, आणि शिळा पाहताच मक्याचे कणीस हातीच राहिले. हा सरपटणारा प्राणी डायनासोर नव्हे, आभाळी उडणारा टेरोसॉरही नव्हे, उभयतांच्या चुलत घराण्यातला, फार प्राचीन. आणखी काही मंगळवार गेले तर हाड शेंदरात कायमचे बुडेल, हे जाणून बाईंचा जीव कासावीस झाला. मग त्यांनी गावापुढे अर्ज गुदरला की, शिळा पुण्याच्या संग्रहालयी द्यावी, तेथे देवाचे भाऊबंद डायनासोर आधीच आहेत, सर्व एकत्र नांदतील.

येथे मसलत फसली. मावळात भाऊबंदांत नांदावयास कोणी वैऱ्यासही धाडीत नाही, मग देवास कोण धाडतो? वर्षानुवर्षे अबोला धरलेले उभय बंधू प्रथमच एकमतास आले, आणि कोंडाजीरावांनी फर्माविले, "बाई, आमी मेलो तरी दगूड न्हाई द्यायचो."

समीक्षाबाई मोठ्या मुत्सद्दी. दुसरे दिवशी त्यांनी मोर्चा फिरविला आणि हकिगत सांगितली की, एका भाऊबंदाने जमीन घेतली, दुसऱ्याने आभाळ घेतले, आणि या गरिबाचा वंश बुडाला, कोठे नावदेखील लागले नाही. पुण्यास आल्यास नाव रीतसर लागेल. हे ऐकून कोंडाजीरावांचे डोळे भरले. खरोखरच भरले, कारण हक्काच्या रानास नाव न लागण्याचे दुःख त्यांचे स्वतःचे होते.

शालूबाईसाहेबांनी तेवढे विचारून घेतले, "त्या जमीनवाल्याच्या मागं कुनी हाय का?"

बाईंनी खरे ते सांगितले की, पक्षी अवघे त्याच्याच वंशाचे, कोंबड्यादेखील.

मग हुकूम सुटला. शिळा गोधडीत गुंडाळून जीपमधून पुण्यास रवाना जाहली, आणि इकडे देवाचा बुडीत वाटा वसूल करावा म्हणून बांध ओलांडून आलेला एक डायनासोरवंशीय कोंबडा शालूबाईसाहेबांनी कैद केला, आणि झणझणीत रस्सा करून साऱ्या आळीस वाढला. मारुतीरावांनी वाडग्यामागून वाडगे ओरपले, "लय दिसांनी न्याय झाला," ऐसे भर पंगतीत म्हटले, आणि घरी जाऊन आपले खुराडे पाहिले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. शिळा पुण्यास सुखरूप आहे, देवास वाटा पोहोचला, आणि मारुतीरावांची नवी फिर्याद वडगावच्या कोर्टी दाखल आहे.