अजून नाव नाही

पंचांगात चांगला दिवस निघेपर्यंत फाइलला नाव देऊन सेव्ह करायची नाही, असं नेंगाह सुआर्ताने ठरवून टाकलं होतं. अकरा दिवस त्याचे म्हातारे वडील, पेकाक मुदिता, देवळातल्या नाचाच्या ढोलाचे बोल सांगत होते आणि तो टाइप करत होता. ते बोल अख्ख्या गावात आता एकट्या पेकाकांनाच येत. काम पुरं झालं, पण फाइलच्या बारशाला योग्य दिवस निघाला तो न्येपीच्या, म्हणजे सगळं बंद ठेवायच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशीचा. तोवर संगणक बंदच करायचा नाही, की झालं!

न्येपीच्या आदल्या दुपारी, शाळेत संगणक शिकवणारी त्याची मुलगी लुह रसमिनी घरी आली आणि तिने कपाळावर हात मारला.

"बापा, अहो, हे सगळं अजून ताटातच आहे!"

"कसलं ताट?"

"संगणकाला एक कपाट असतं आणि एक हातातलं ताट. चालू काम सगळं ताटात. कपाटात ठेवायच्या आत वीज गेली, की ताट साफ!"

"काहीतरीच! सत्तरावा बोल म्हटलं की झटकन सत्तरावा समोर येतो."

"ताटातलं कुठलंही झटकनच हाताला लागतं. म्हणून काय ते टिकतं?"

"मग परवापर्यंत ताट धरून बसू. वाईट दिवशी बारसं करायचं नाही म्हणजे नाही!"

सकाळी सहाला न्येपी लागला. दिवा नाही, चूल नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही. या घरात तर मौनसुद्धा. नेंगाहने स्क्रीन बंद करून संगणकावर लुंगीसारखा सारोंग टाकला, पण आतल्या पंख्याची घरघर काही थांबेना. दुपारी कोणी नियम मोडत नाही ना हे बघणारे गावचे पहारेकरी फाटकाशी थबकून कान देऊ लागले. नेंगाहने झटकन आडवं होऊन जोरजोरात घोरायला सुरुवात केली. पहारेकरी हसत पुढे गेले. नेंगाहला इतका आनंद झाला की त्याने पडल्या पडल्या हवेत मूठ उडवली.

तेवढ्यात घरघर थांबली. पेकाक हातात प्लग धरून उभे होते. आजच्या दिवशी यंत्र चालू ठेवायचं म्हणजे काय, असं त्यांचे डोळे विचारत होते!

नेंगाहचं तोंड उघडलं, पण आवाज काढायची सोय नव्हती. तो मटकन खाली बसला आणि मुक्याने रडू लागला. लुहने धावत येऊन हातवारे केले: कपाटाचं दार उघडलं, आत काहीतरी ठेवलं, दार लावलं. पोरगी उपासाच्या दिवशी खाऊ लपवल्याचं सांगतेय, असं समजून तो आणखीच रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न्येपी संपला आणि लुहचं तोंड सुटलं.

"तुम्ही परवा आंघोळीला गेलात तेव्हाच मी सेव्ह केलं होतं!"

"अगं कार्टे! मग काल सांगायचं नाही?"

"मौन होतं ना!"

"आणि नाव? वाईट दिवशी नाव काय ठेवलंस?"

लुहने संगणक लावला. फाइलवर लिहिलं होतं, 'अजून नाव नाही'. आत एकूण एक बोल जागच्या जागी होता. नेंगाहने लेकीला मिठी मारली, पंचांग पाहिलं आणि मुहूर्तावर नवं नाव टाइप करायला बोटं पुढे केली. पेकाकांनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. माझ्या तडाख्यातून वाचलेलं नाव आहे ते."

देवळातली पोरं अजूनही त्याच फाइलवरून ढोल शिकतात.